एका घरातले दोन हिशेब

(शाळेच्या हीरक महोत्सवी वर्षात इंदूर येथे भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील व्याख्यान)



महोत्सव समितीने मला ‘बचतीचे महत्त्व’ या विषयावर बोलण्यास सांगितले होते. समितीच्या संमतीने मी विषय थोडा बदलून घेतला आहे. बचतीचे महत्त्व ठाऊक नाही असे या सभागृहात कोणी असेल, असे मला वाटत नाही. ‘अंथरूण पाहून पाय पसरावेत’ हे वाक्य आपल्या घरांतील मुलांच्या कानांवर अक्षरओळखीच्या आधी पडते. अडचण निराळीच आहे. अंथरूण एक असते आणि पाय दोघांचे असतात. त्या दोघांविषयी मी आज बोलणार आहे.

याच शाळेत आपण सरळव्याजाची आणि चक्रवाढव्याजाची गणिते सोडवली. त्या गणितांतील रामराव द. सा. द. शे. ८ दराने ५,००० रुपये ३ वर्षांसाठी बँकेत ठेवीत असत आणि आपण निमूटपणे रास काढीत असू. पण पैसे ठेवण्यापूर्वी रामरावांनी घरी विचारले होते काय? त्यांच्या पत्नीला त्या रकमेतून शिवणयंत्र घ्यावयाचे होते काय? पुस्तकात हे कधी आले नाही. पुढे बँकेत नोकरीला लागल्यावर मला असे अनेक रामराव भेटले आणि त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या, काहीशा गप्प, त्यांच्या पत्नीही भेटल्या. ठेवीचा अर्ज भरताना एकाने ‘पाच वर्षे’ म्हणावे आणि दुसऱ्याने हलकेच ‘एकच वर्ष करा’ म्हणावे, हा प्रसंग काउंटरच्या आतल्या बाजूने मी तीन दशकांहून अधिक काळ पाहिला. महिना पंधरा हजारांत भागवणारे जोडपे आणि दीड लाख मिळवणारे जोडपे यांच्या कुरबुरींची भाषा मला फारशी वेगळी वाटली नाही. तेव्हापासून माझी अशी समजूत झाली आहे की, पैशावरून होणारा वाद बहुधा रकमेचा नसतो.

मग तो कशाचा असतो? पहिली गोष्ट अशी की, पैसे देताना काही माणसांना खरोखरच दुखते. हा अलंकार नव्हे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात मेंदूचे चित्रण करणाऱ्या यंत्रात माणसांना झोपवून त्यांना आधी वस्तू व नंतर तिची किंमत दाखवण्यात आली. किंमत अवाजवी वाटली की मेंदूतील ‘इन्सुला’ हा भाग सक्रिय होई आणि वस्तू नाकारली जाण्याची शक्यता वाढे. वेदना, किळस अशा अप्रिय अनुभवांच्या वेळीही हाच भाग जागा होत असतो. पुढच्याच वर्षी स्कॉट रिक, सिंथिया क्रायडर आणि जॉर्ज लोवेनस्टीन या अभ्यासकांनी तेरा हजारांहून अधिक लोकांच्या उत्तरांवरून असे दाखवले की, या वेदनेचे प्रमाण माणसागणिक निरनिराळे असते. ज्याला ती फार जाणवते, तो स्वतःलाच योग्य वाटेल त्याहून कमी खर्च करतो. ज्याला ती फारशी जाणवत नाही, तो स्वतःलाच योग्य वाटेल त्याहून अधिक खर्च करून बसतो. त्यांच्या पाहणीत पहिल्या प्रकारच्या लोकांचे दुसऱ्यांशी प्रमाण तीनास दोन होते.

‘स्वतःलाच योग्य वाटेल त्याहून’ या शब्दांकडे आपण लक्ष द्यावे. उधळ्या माणसाला आपण उधळतो हे कळत असते आणि चिक्कू माणसालाही आपण उगाच हात आखडतो हे कळत असते. घरातील जोडीदाराने त्यांना रोज तेच ऐकवल्याने ज्ञानात भर पडत नाही. या अभ्यासकांनी आणखी एक भेद केला आहे आणि तो मराठी माणसाला चटकन पटेल, कारण आपल्या भाषेने त्यासाठी दोन शब्द फार पूर्वीच करून ठेवले आहेत. काटकसरी निराळा आणि कंजूष निराळा. काटकसर करणाऱ्याला वाचवण्यात आनंद असतो, कंजुषाला खर्चण्यात दुःख असते. मंडईत घासाघीस करून दहा रुपये वाचवून आणणारी आणि ते सांगताना चेहरा खुलणारी आजी काटकसरी. नंबर बदलला आहे, हाताशी पैसे आहेत, तरी दोन वर्षे जुन्याच चष्म्यावर काढणारे आजोबा कंजूष. बाहेरून दोघांचे पासबुक सारखेच दिसते. पण आजीच्या या गुणाचे घराने कौतुक करावे आणि आजोबांना हाताला धरून चष्म्याच्या दुकानात न्यावे, इतका दोघांत फरक आहे.

आता असे दोन स्वभाव एकत्र कसे येतात, ते पाहू. रिक यांनीच आणखी दोन सहकाऱ्यांसह २०११ साली विवाहितांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आपल्यासारखाच जोडीदार आवडेल, असे अविवाहित माणसे सांगतात. प्रत्यक्षात मात्र चिक्कू आणि उधळे एकमेकांशी विवाह करताना दिसतात. स्वतःच्या ज्या सवयीने माणूस आतून त्रासलेला असतो, तिच्या उलट सवय समोरच्यात दिसली की ती त्याला मोहवते. लग्नानंतर काही काळाने तीच खुपू लागते, आणि दोघांतील अंतर जितके अधिक तितके पैशावरून होणारे वादही अधिक, असे त्या अभ्यासात आढळले.

हे झाले स्वतः जोडीदार निवडणाऱ्यांचे. आपल्याकडील ठरवून झालेल्या लग्नांत मोहाला तितकासा वाव नसतो. आपण पत्रिकेतील छत्तीसपैकी गुण मोजतो, पगार आडवळणाने विचारतो, घर स्वतःचे की भाड्याचे हे थेट विचारतो. हॉटेलचे बिल आल्यावर मुलाचा चेहरा कसा होतो, हे मात्र कोणी पाहत नाही. तरीही अशा घरांत काही वर्षांनी एक जण ‘ब्रेक’ आणि दुसरा ‘ॲक्सिलरेटर’ झालेला मी पाहिला आहे. माझ्या मते यात स्वभावाइतकाच संसारातील कामांच्या वाटणीचाही भाग असतो. मुलांची फी, पाहुण्यांचा आहेर, वाणसामान या गोष्टी जिच्या वाट्याला आलेल्या असतात, तिच्या हातून पैसे जाताना दिसतात. घराचा हप्ता ज्याच्या खात्यातून परस्पर वळता होतो, त्याच्या हातून काहीच जाताना दिसत नाही. आणि मग ‘तुझा हात सैल आहे’ हे वाक्य जन्माला येते.

स्वभावाच्याही मागे जावे लागते. आपल्या इंदुरात हे सांगण्यासाठी दूरचे उदाहरण घेण्याचे कारण नाही. हुकुमचंद मिल १९९१च्या डिसेंबरात बंद पडली आणि कामगारांची थकलेली देणी त्यांच्या खात्यांत जमा होण्यास २०२३चा डिसेंबर उजाडला. बत्तीस वर्षे. त्या वेळी प्राथमिक शाळेत असलेली मुले आज चाळिशीत आहेत, स्वतः मिळवती आहेत, त्यांच्यापैकी काही कदाचित या सभागृहातही असतील. ज्याच्या घरात एके दिवशी पगार थांबला, त्याला सहा महिन्यांच्या खर्चाइतकी रक्कम खात्यात असूनही पुरेशी वाटत नाही. त्याच्या पत्नीचे वडील सरकारी नोकरीत असतील, दर महिन्याच्या एक तारखेला पगार आणि निवृत्तीनंतर पेन्शन, तर तिला ही धास्ती निव्वळ संशयीपणा वाटतो. मालमेंडिअर आणि नागेल या अर्थशास्त्रज्ञांनी २०११ साली अमेरिकेतील अनेक दशकांच्या माहितीवरून असे दाखवले होते की, ज्यांनी स्वतःच्या हयातीत शेअर बाजाराची वाईट वर्षे पाहिली, ते पुढेही जोखीम घेण्यास कचरतात. पुस्तकात वाचलेली मंदी आणि घरात आलेली मंदी यांचे वजन सारखे नसते. म्हणून एखाद्या पतीने पत्नीला, वा पत्नीने पतीला, ‘तुमच्या लहानपणी घरात पैसे कोण मागत असे आणि कोण देत असे?’ एवढा एक प्रश्न शांतपणे विचारला, तर बरीच कोडी उलगडतात असा माझा अनुभव आहे. हा प्रश्न वीजबिल आलेल्या दिवशी मात्र विचारू नये.

दुसरी गोष्ट मनातल्या कप्प्यांची. रिचर्ड थेलर यांना २०१७ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. माणूस सगळे रुपये एकाच मापाने मोजत नाही, मनात निरनिराळी खाती पाडून ठेवतो आणि एका खात्यातील पैसा दुसऱ्यात सहसा जाऊ देत नाही, हा त्यांच्या मांडणीतील एक प्रमुख भाग आहे. आपल्या आजींना हे ऐकून नवल वाटले नसते. दुधाचे पैसे एका डब्यात, किराण्याचे दुसऱ्यात, देवाचे सव्वा रुपये तिसरीकडे, आणि भिशीचे पदराच्या गाठीला, ही त्यांची रीतच होती. काटेकोर अर्थशास्त्री म्हणेल की, रुपया तो रुपया, डबा कोणताही असो. पण डब्यांमुळे किराण्याच्या पैशांत फीचे पैसे मिसळत नसत, आणि गरीब घरात याचे मोल फार होते.

घोटाळा होतो तो दोघांचे कप्पे निराळे असल्यामुळे. याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे सोने. आपल्या सराफ्यातील हे दृश्य घ्या. पत्नीने दोन तोळ्यांच्या पाटल्या घ्यावयाचे ठरवले आहे. पतीच्या कपाळावर आठ्या आहेत, कारण त्याच्या मनात ही रक्कम ‘खर्च’ या कप्प्यात नोंदली गेली. तिच्या मनात ती ‘शिल्लक’ या कप्प्यात गेली आहे. तो म्हणतो एवढे पैसे गेले, ती म्हणते गेले कुठे, हातात तर आहेत. दोघेही खरे बोलत आहेत. गंमत अशी की, तोच पती त्याच सराफ्यात रात्री भुट्ट्याचा कीस आणि गराडू खाताना खिशात हात घालण्यास क्षणभरही कचरत नाही, कारण खाण्याचे पैसे त्याच्या कोणत्याच कप्प्यात नोंदले जात नाहीत!

सोन्याच्या बाबतीत मी पत्नीच्या बाजूने थोडे अधिक बोलणार आहे. घर पतीच्या नावावर, दुकान सासऱ्यांच्या नावावर, शेती भावांच्या नावावर, अशा व्यवस्थेत पिढ्यान्‌पिढ्या जी एकच मालमत्ता स्त्रीच्या अंगावर आणि म्हणून तिच्या ताब्यात राहिली, ती म्हणजे दागिना. स्त्रीधन ही त्या स्त्रीची एकटीची मालमत्ता आहे, सासरी आल्याने ती पतीशी सामाईक होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली निःसंदिग्धपणे सांगितले. तेव्हा ‘बायकांना सोन्याचा सोस असतो’ या वाक्यात मानसशास्त्र कमी आणि इतिहासाचे विस्मरण जास्त आहे. घडणावळ वाया जाते, लॉकरचे भाडे भरावे लागते, व्याज मिळत नाही, हे सर्व आक्षेप रास्त आहेत. पण ज्याला हे आक्षेप घ्यावयाचे आहेत, त्याने आधी घराच्या कागदावर पत्नीचे नाव आहे का ते पाहावे आणि मग बोलावे.

येथून मी लपवलेल्या पैशांकडे येते. ८ नोव्हेंबर २०१६च्या रात्री ५०० आणि १००० रुपयांच्या जुन्या नोटा चलनातून रद्द झाल्याची घोषणा झाली. त्यानंतरच्या आठवड्यांत बँकेत जे दिसले, ते माझ्या सगळ्या नोकरीत त्यापूर्वी कधी दिसले नव्हते. डाळीच्या आणि तांदळाच्या डब्यांतील, साडीच्या घड्यांतील, देव्हाऱ्याखालील नोटा बाहेर आल्या. काही नोटांना हिंगाचा वास होता. बहुतेक स्त्रिया एकट्या आल्या होत्या. काहींच्या बरोबर पती होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य, अभिमान आणि किंचित अपमान असे मिश्रण होते. अडीच लाखांपर्यंतच्या अशा भरण्याची चौकशी होणार नाही, असे सरकारने तेव्हा सांगितले होते. पुढे प्राप्तिकर अपील न्यायाधिकरणाच्या आग्रा पीठानेही २०२१ मध्ये असा निर्णय दिला की, गृहिणीने घरखर्चातून वाचवून नोटाबंदीत भरलेली या मर्यादेतील रक्कम हे तिचे दडवलेले उत्पन्न मानता येणार नाही. कायद्याने जे ओळखले, ते अनेक घरांनी ओळखले नाही. तिथे ‘माझ्यापासून लपवलेस?’ हाच प्रश्न पुष्कळ दिवस घुमत राहिला.

लपवणे हा स्त्रीस्वभाव आहे, असे म्हणणाऱ्यांसाठी फिलिपीन्समधील एक प्रयोग सांगते. तिथे अनेक घरांत पैशांचा कारभार पत्नीकडे असतो. पती पगार आणून तिच्या हाती देतो. नावा अश्रफ यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या या प्रयोगात जोडप्यांना काही रक्कम देऊन ती कुठे ठेवायची हे विचारले गेले. जोडीदाराला कळणार नाही अशी व्यवस्था असताना, ज्यांच्या घरी पत्नीच्या हाती कारभार होता त्या पुरुषांचा कल रक्कम स्वतःच्या वेगळ्या खात्यात टाकण्याकडे दिसला. निर्णयाआधी दोघांना एकमेकांशी बोलावयास लावले, तेव्हा त्यांचा कल ती पत्नीच्या खात्यात ठेवण्याकडे झुकला. म्हणजे ज्याच्या कमरेला किल्ली नाही तो लपवतो, मग तो पुरुष असो वा स्त्री.

किल्लीचा विषय निघाला आणि आपण इंदुरात आहोत, तर एका जुन्या व्यवस्थेची आठवण काढल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. होळकरांच्या संस्थानात ‘दौलत’ आणि ‘खासगी’ असे दोन हिशेब होते. दौलत म्हणजे राज्याचा वसूल. खासगी म्हणजे राणीच्या स्वतःच्या अखत्यारीतील उत्पन्न. मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांना १७३४ साली पेशव्यांकडून ही खासगी जहागीर मिळाली आणि त्यांच्या पश्चात ती अहिल्याबाईंकडे आली. काशीपासून रामेश्वरापर्यंत अहिल्याबाईंचे जे घाट, मंदिरे, धर्मशाळा आपण अभिमानाने दाखवतो, त्या धर्मकार्याचा खर्च या खासगीतून होत असे. शिंदे, होळकर, पवार यांच्या लढायांची वर्णने आपण इतिहासात पाठ केली, पण एका सरदार घराण्यातील स्त्रीचा स्वतंत्र हिशेब अडीचशे वर्षांपूर्वी मान्य होता, हे कोणी आपल्याला परीक्षेत विचारले नाही. तो राजघराण्याचा मामला होता, सामान्य घरांत तसे नव्हते, हे मला मान्य आहे. तरी ही दोन नावे मला फार उपयोगाची वाटतात.

खासगीमुळे काय घडते, याचा आजचा पुरावाही आपल्याच राज्यातला आहे. उत्तर मध्य प्रदेशातील ग्रामपंचायतींत रोजगार हमीच्या कामावर जाणाऱ्या स्त्रियांची मजुरी पूर्वी सहसा घरातील पुरुषाच्या खात्यात जमा होई. एका मोठ्या अभ्यासात काही स्त्रियांना स्वतःचे खाते उघडून देण्यात आले, काहींची मजुरी थेट त्यात जमा होईल असे करण्यात आले आणि खाते कसे वापरावे याचे थोडे शिक्षणही देण्यात आले. २०२१ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांना खाते, थेट मजुरी आणि शिक्षण हे तिन्ही मिळाले, त्या स्त्रिया नुसते खाते मिळालेल्यांपेक्षा अधिक काम करू लागल्या, सरकारी कामावर आणि बाहेरही. नुसत्या पासबुकाने तेवढा फरक पडला नव्हता.

याच्या उलट बाजूही पाहिली पाहिजे. अमेरिकेत नवविवाहित आणि लग्न ठरलेल्या जोडप्यांवर केलेला एक प्रयोग २०२३ साली प्रसिद्ध झाला. काहींना सर्व पैसे एका संयुक्त खात्यात ठेवण्यास सांगितले, काहींना वेगवेगळ्या खात्यांत, काहींना काहीच सांगितले नाही. दोन वर्षांच्या काळात इतर जोडप्यांचे परस्परांविषयीचे समाधान नेहमीप्रमाणे हळूहळू उतरत गेले. संयुक्त खातेवाल्यांचे मात्र टिकून राहिले. ‘माझे-तुझे’ मागे पडून ‘आपले’ हा हिशेब सुरू झाला, असे त्याचे स्पष्टीकरण अभ्यासकांनी दिले.

मग एकत्र ठेवावे की वेगळे? मला या दोन निष्कर्षांत विरोध दिसत नाही. दौलत एकच असावी आणि तिची वही दोघांना उघडी असावी. खासगी दोघांची वेगवेगळी असावी आणि तिचा हिशेब कोणी कोणाला विचारू नये. भांडणे होतात ती बहुधा एकाची खासगी हीच घराची दौलत मानली जाते तेव्हा, किंवा दोघांपैकी एकालाच खासगी असते तेव्हा. पतीच्या पान-चहाचा, मित्रांबरोबरच्या सहलीचा हिशेब घरात कोणी मागत नाही आणि पत्नीने मैत्रिणीला दिलेल्या भेटवस्तूची किंमत मात्र विचारली जाते, असे चित्र पुष्कळ घरांत आहे. पत्नी अधिक मिळवती असेल तर हेच चित्र उलटेही दिसते.

नव्या पिढीच्या बाबतीत यात एक भर पडली आहे, ती मोबाइलची. २०१६ साली यूपीआय आले आणि पैसे देताना नोटा मोजण्याचे काम संपले. दुखण्याची जी गोष्ट मी आरंभी सांगितली, ती येथे लागू पडते. प्रेलेक आणि सिमेस्टर यांनी २००१ साली दाखवले होते की, बास्केटबॉलच्या सामन्याच्या तिकिटासाठी रोख द्यावयाचे असेल तेव्हा विद्यार्थी जी बोली लावीत, तिच्या जवळजवळ दुप्पट बोली क्रेडिट कार्ड चालणार असेल तेव्हा लावीत. मोबाइलचा ‘टिंग’ असा आवाज नोटेइतका दुखत नाही. ज्याचा हात मुळातच सैल, त्याला याची झळ अधिक पोहोचणार हे उघड आहे. पण जोडप्यांच्या दृष्टीने मला दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. संयुक्त खाते ज्याच्या मोबाइल क्रमांकाशी जोडलेले असते, त्याच्याकडे दुसऱ्याच्या प्रत्येक खर्चाचा संदेश त्याच क्षणी जातो. पूर्वी महिन्याअखेरीस होणारा जाब आता भाजीच्या गाडीपाशीच होतो. ‘हे ३४० कशाचे?’ असा फोन कार्यालयातून येतो. विचारणाऱ्याच्या मनात संशय नसतोही, नुसते कुतूहल असते; पण ऐकणाऱ्याला रोज कोणी खांद्यावरून पाहत असल्यासारखे वाटते. संदेश दोघांच्या फोनवर येतील अशी सोय बँकेकडून करून घ्यावी, आणि एक आकडा दोघांनी मिळून ठरवावा. त्या आकड्याच्या आतील खर्चाबद्दल विचारायचे नाही, त्याच्या वरचा खर्च बोलल्याशिवाय करायचा नाही. आकडा ५०० असो वा ५,०००, तो ज्या त्या घराने ठरवावा.

व्यवहाराचे दोन शब्द सांगणे माझे कर्तव्य आहे. ‘सगळे हेच बघतात’ असे अभिमानाने सांगणाऱ्या स्त्रिया मी पाहिल्या, आणि पतीच्या तेराव्यानंतर कागदांची पिशवी घेऊन, कोणत्या बँकेत काय आहे हे ठाऊक नसताना, दारोदार फिरणाऱ्या स्त्रियाही पाहिल्या. कधी कधी त्या दोन्ही एकच असत. दहा वर्षे ज्या खात्याला कोणी हात लावला नाही, त्यातील रक्कम २०१४ पासून रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीकडे जाते. ती वारसांना मागता येते, आणि शोध घेण्यासाठी रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये ‘उद्गम’ हे संकेतस्थळही सुरू केले आहे, पण शोधण्याची वेळच का यावी? दोघांच्या नावाने मुदत ठेव ठेवताना ‘दोघांपैकी कोणीही अथवा हयात असेल तो’ अशी नोंद करावी आणि एकाच्या मृत्यूनंतर हयात व्यक्तीला ती मुदतीपूर्वी मोडता यावी, ही सूचना अर्जावर त्याच वेळी द्यावी. ती राहून गेली, तर ऐन अडचणीत वारसांच्या सह्या गोळा करत बसावे लागू शकते. दुकानदार पालकांनी विम्याची पॉलिसी १८७४च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली घेण्याचा विचार करावा. त्या रकमेवर सहसा धनकोंचा हक्क चालत नाही.

माझ्यापुढे श्रोत्यांकडून आलेल्या दोन चिठ्ठ्या आहेत. त्यांची उत्तरे देऊन मी थांबते.

पहिली चिठ्ठी अशी: ‘नोकरी न करणाऱ्या पत्नीला खासगी म्हणून किती रक्कम द्यावी?’ प्रश्न चांगल्या हेतूने विचारला आहे, पण ‘द्यावी’ या क्रियापदाशी माझे जमत नाही. दौलतीतून महिन्याच्या आरंभी दोघांनी सारखीच रक्कम आपापल्या खात्यात वळती करून घ्यावी. मागून मिळालेली रक्कम जपून आणि चोरून खर्च होते, आणि उरलेली पुन्हा डाळीच्या डब्यात जाते.

दुसरी चिठ्ठी एका आईची आहे: ‘मुलांसमोर पैशाविषयी बोलावे का?’ अवश्य बोलावे. आपले आईवडील आपल्याला ‘हे मोठ्यांचे विषय आहेत’ म्हणून बाहेर खेळायला पाठवीत, आणि आपण दाराआडून फक्त भांडणाचा शेवट ऐकत असू. सहावी-सातवीतील मुलाला घराच्या वीजबिलातील वाचने वजा करता येतात. हे काम त्याच्याकडे सोपवावे. सुटीत गावी रेल्वेने जायचे की बसने, हा निर्णय आईवडील कसा घेतात, कोण आधी ‘नको’ म्हणतो आणि मग कशाने तयार होतो, हे त्याला बसून ऐकू द्यावे. एखादे वेळी तुमचे दोघांचे एकमत होणार नाही आणि मूल मध्येच म्हणेल, ‘मग अर्धे अंतर बसने आणि अर्धे रेल्वेने जाऊ.’ त्याला हसू नका. तिकिटांचे दर त्यालाच शोधायला सांगा.